बहिणीच्या नावावर निघालेलं बिल: डीटीपीए जीएफआर चाचणीचं एक प्रकरण

तक्रार एका ओळीची होती. ‘मी भावाला किडनी देण्यासाठी तपासणी करून घेतली, मला एक पैसाही भरावा लागणार नाही असं सांगितलं होतं, मग हे ७४२ डॉलरचं बिल कसलं?’ अमेरिकेतल्या रुग्णालयाच्या ग्राहक कक्षाने ती ‘शिल्लक मान्य नाही’ या रांगेत टाकली आणि तिथून ती रात्रपाळीत सोलापूरच्या बिलिंग कार्यालयात आली.

या लेखातलं रुग्णालय, विमा कंपनी, माणसं आणि डॉलरमधल्या रकमा शिकवण्यापुरत्या बेतलेल्या आहेत. कोड, त्यांचे अर्थ आणि नियम अमेरिकेत चालतात तेच आहेत. सोलापुरात या कामात नव्याने येणारी बरीच मुलं-मुली एक्स-रे, सोनोग्राफी, रक्त-लघवी यांचे क्लेम पटापट हातावेगळे करतात, पण न्यूक्लिअर मेडिसिनच्या, म्हणजे किरणोत्सारी औषध टोचून केलेल्या, रक्तचाचणीशी आली की अडखळतात. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडलं आहे.

खातं उघडणाऱ्या एआरच्या, म्हणजे येणं वसूल करणाऱ्या गटाच्या, मुलाने पाच मिनिटांत निकाल लावला होता. विमा कंपनीचं ईओबी, म्हणजे क्लेमचा हिशोब सांगणारं पत्रक, समोर होतं, मंजूर रक्कम ७४२, सगळी पीआर-१ खाली, म्हणजे डिडक्टिबलमध्ये. डिडक्टिबल म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी वर्षाला रुग्णाने स्वतः भरायची रक्कम.

“मॅडम, डिडक्टिबल बरोबर लागलंय. ‘शिल्लक योग्य’ असं लिहून बंद करू?”

“ऑर्डर कुठल्या विभागातून आली ते बघितलंस का?”

त्याने बघितलं नव्हतं. ऑर्डर ट्रान्सप्लांट क्लिनिकची होती, आणि सगळं प्रकरण तिथून उलगडत गेलं.

क्लेमवर काय गेलं होतं

चाचणी ६ जानेवारीची. रुग्णालयाच्या यूबी-०४ (रुग्णालयांचा ठरलेला अर्ज) क्लेमवर चार ओळी होत्या, कोडांचे अर्थ पुढे येतात:

७८७०७, १ युनिट, १,१८० डॉलर.
ए९५३९, ३ युनिट, २८८ डॉलर.
९६३७४, १ युनिट, २१० डॉलर.
३६४१५ (रक्त काढणं), ३ युनिट, ७२ डॉलर.

एकूण १,७५० डॉलर. निदानाच्या जागी एन१८.२, म्हणजे दीर्घकालीन मूत्रपिंडविकार, टप्पा दोन. रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांचा वेगळा क्लेम होता, ७८७०७ ला २६ हा मॉडिफायर (फक्त डॉक्टरांच्या वाचनाचा भाग दाखवणारा जोड-अंक) लावून १९० डॉलरचा, आणि निदान तेच.

विमा कंपनीने ९६३७४ आणि ३६४१५ चे दोन युनिट सीओ-९७ लावून काढून टाकले, कारण ती सेवा दुसऱ्या सेवेतच धरलेली आहे. उरलेल्यात ७८७०७ चे ५९०, ए९५३९ चे १४४ आणि रक्त काढण्याचे ८ डॉलर मंजूर केले. जानेवारी असल्यामुळे बहिणीच्या पॉलिसीचं डिडक्टिबल नुकतंच नव्याने सुरू झालं होतं, त्यामुळे सगळी रक्कम तिच्याच अंगावर आली. डॉक्टरांच्या क्लेमचे ५८ डॉलर वेगळे, त्याचं स्टेटमेंटही वेगळं. भावाला किडनी द्यायला पुढे आलेल्या बाईच्या हातात एकूण ८०० डॉलरची दोन बिलं पडली.

हा क्लेम नाकारला गेला नव्हता, तो ‘व्यवस्थित’ पार पडला होता. क्लेम नाकारला गेला तर तो कुणीतरी परत उघडतो. डिडक्टिबलमध्ये गेलेला क्लेम यंत्रणेच्या नजरेत संपलेला असतो आणि त्यातली चूक फक्त रुग्णालाच दिसते. म्हणून रुग्णाच्या एका ओळीच्या तक्रारीला ईओबीपेक्षा जास्त वजन द्यायला हवं.

रिपोर्टमध्ये काय लिहिलं होतं

रिपोर्ट जेमतेम अर्धं पान होता. शीर्षक ‘एनएम रीनल डीटीपीए’. पुढचा मजकूर मराठीत असा (जीएफआर म्हणजे मूत्रपिंडं रक्तद्रव किती वेगाने गाळतात तो दर, ईजीएफआर म्हणजे त्याचा अंदाज, आणि मिलिक्युरी हे किरणोत्सारितेचं माप):

‘कारण: संभाव्य जिवंत मूत्रपिंडदाता. क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर ७८. टेक्निशियम-९९एम डीटीपीए. इंजेक्शनपूर्वी सिरिंजमध्ये ३.१० मिलिक्युरी, नंतर सिरिंजमध्ये उरलेलं ०.०८, प्रत्यक्ष दिलेलं ३.०२ मिलिक्युरी. उजव्या हाताच्या शिरेतून, ८ वाजून ५ मिनिटांनी. डाव्या हातातून रक्ताचे नमुने १०.०५, ११.०५ आणि १२.०५ वाजता. इंजेक्शनच्या जागी औषध साचलेलं नाही. प्रतिमा घेतलेल्या नाहीत. जीएफआर ९६ मिली प्रतिमिनिट, १.७३ चौरस मीटरला.’

‘प्रतिमा घेतलेल्या नाहीत’ या एवढ्याशा वाक्यावर निम्मं प्रकरण उभं आहे.

चाचणी कशी होते ते समजलं की कोडही समजतो. डीटीपीए हा पदार्थ शरीरातून जवळजवळ फक्त मूत्रपिंडाच्या गाळणीतूनच बाहेर पडतो. त्याला टेक्निशियम जोडून मोजून शिरेत सोडतात. दोन, तीन आणि चार तासांनी दुसऱ्या हातातून रक्त घेतात, प्लाझ्मा वेगळा करतात आणि प्रत्येक नमुन्यातली किरणोत्सारिता वेल काउंटरमध्ये मोजतात. ती किती वेगाने घटते त्यावरून दर मिनिटाला किती रक्तद्रव गाळला जातो ते काढतात आणि शरीराच्या पृष्ठफळाला जुळवून घेतात. टेक्निशियमचं अर्धायुष्य सहा तासांचं, म्हणून प्रत्येक नमुन्याची वेळ मिनिटाला धरून लिहिलेली असते. रक्त दुसऱ्या हातातून घेण्याचं कारण साधं आहे. इंजेक्शनच्या हातात औषधाचा अंश राहिला असेल तर नमुना बिघडतो. इंजेक्शनच्या जागी औषध साचलं तर दिलेला डोस पूर्ण रक्तात उतरतच नाही आणि जीएफआर आहे त्याहून जास्त दिसतो. किडनी देणाऱ्याच्या बाबतीत ही चूक फार महागात पडेल, म्हणूनच ते वाक्य रिपोर्टमध्ये असतं.

या सगळ्यात गॅमा कॅमेरा कुठेच आला नाही, रुग्ण यंत्राखाली झोपलाच नाही. ७८७०७ हा कोड मूत्रपिंडाच्या चित्रणाचा आहे, रक्तप्रवाह आणि कार्य यांसह, औषधाचा हस्तक्षेप न करता एकच अभ्यास. इथे झालेल्या कामासाठी कोड वेगळा आहे, ७८७२५, म्हणजे मूत्रपिंडाच्या कार्याचा किरणोत्सारी, चित्रणाविना अभ्यास.

मग कोडरने चुकीचा कोड का लावला? त्याने तो लावलाच नव्हता.

चूक कुठे शिरली

नवीन माणसाला वाटतं की क्लेमवरचा प्रत्येक कोड कोडरने विचार करून टाकलेला असतो. रुग्णालयाच्या रेडिओलॉजी आणि न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये बहुतेक वेळा तसं नसतं. तिथे चार्ज मास्टर नावाची मोठी यादी असते. तंत्रज्ञ काम संपल्यावर त्यातली एक ओळ निवडतो आणि त्या ओळीला बांधून ठेवलेला सीपीटी (कार्यपद्धतीचा) कोड, महसूल कोड (खर्च कुठल्या विभागाचा ते सांगणारा) आणि दर आपोआप क्लेमवर उतरतात. कोडरच्या हातात राहतं ते फक्त निदान. या रुग्णालयाच्या यादीत ‘एनएम रीनल डीटीपीए’ अशी एकच ओळ होती आणि तिला ७८७०७ बांधलेला होता. कॅमेऱ्याखालचा रेनोग्राम असो की नुसती रक्तावरची जीएफआर, तंत्रज्ञासमोर निवडायला दुसरं काही नव्हतंच. त्याने हाताशी होतं ते निवडलं.

सोलापूरच्या टेबलावर ही खाती निदानासाठी येतात. हे खातं आलं तेव्हा गड्ड्याचा आठवडा होता. सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत निम्मी रजा मंजूर असते, उरलेले जुन्या रांगा उपसत बसतात, आणि त्याच दिवसांत १ जानेवारीपासूनचे नवे सीपीटी बदल आणि एनसीसीआयचे (कुठले कोड एकत्र चालतात ते सांगणाऱ्या नियमांचे) तिमाही बदलही लागू झालेले असतात. कोडरने आधी बरोबरच काम केलं होतं. खात्याच्या नोंदीत दिसतं की पहिल्यांदा झेड००.५ टाकला होता, म्हणजे अवयव किंवा ऊती देऊ शकणाऱ्या व्यक्तीची तपासणी. स्क्रबरने, म्हणजे क्लेम जाण्याआधी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने, तो उडवला. संदेश असा होता की या कार्यपद्धतीसाठी हे निदान पुरेसं नाही.

अकरा मिनिटांनी झेड००.५ निघाला आणि एन१८.२ बसला. क्लेम लगेच पार झाला.

या अकरा मिनिटांत काय घडलं असेल याचा अंदाज कठीण नाही. रिपोर्टमध्ये ईजीएफआर ७८ दिसतो, टप्पा दोन म्हणजे ६० ते ८९ हा तक्ता कोडरला पाठ असतो, दोन्ही जुळवले आणि रांग पुढे सरकली. पण ही चूक युनिटच्या चुकीसारखी नाही, तिचं वजन फार मोठं आहे. कोड डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानावरून द्यायचा असतो, आकड्यावरून कोडरने स्वतः निदान करायचं नसतं. शिवाय वैद्यकीयदृष्ट्याही हे चुकलं. ६० ते ८९ मधला जीएफआर हा एकटा दीर्घकालीन मूत्रपिंडविकार ठरत नाही. तीन महिन्यांहून जास्त काळ टिकलेली मूत्रपिंडाच्या इजेची दुसरी खूण, जसं लघवीतून जाणारं अल्ब्युमिन, सोबत असावी लागते. आणि चाचणीचा निकाल होता ९६. केडीआयजीओ या आंतरराष्ट्रीय मूत्रपिंड संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ९० किंवा त्याहून जास्त जीएफआर दात्यासाठी स्वीकारार्ह, ६० ते ८९ असेल तर प्रत्येक व्यक्तीचा वेगळा विचार, ६० च्या खाली देऊ नये. म्हणजे मूत्रपिंडं उत्तम आहेत हे सिद्ध करणाऱ्या चाचणीच्या क्लेमवर त्याच मूत्रपिंडांचा विकार लिहिला गेला आणि तो तिच्या विमा कंपनीच्या इतिहासात जाऊन बसला. उद्या आयुर्विमा घेताना कुणी तो इतिहास मागितला तर त्या बाईने काय सांगायचं?

स्क्रबरने झेड००.५ उडवला तेव्हा तो खरं तर मदत करत होता. मूत्रपिंडाचं चित्रण आणि निरोगी दाता यांची जोडी त्याला विसंगत वाटली. विसंगती निदानात असेल असं कोडरने धरलं, पण ती कार्यपद्धतीत होती. दोन गोष्टी जुळत नसतील तर त्यातली कुठली खोटी आहे हे रिपोर्टवरून ठरवावं. जी बदलायला सोपी तीच बदलली की असं होतं.

बाकीच्या ओळी

ए९५३९ चे तीन युनिट. या कोडचं वर्णन टेक्निशियम-९९एम पेंटेटेट, निदानासाठी, प्रति अभ्यास डोस, २५ मिलिक्युरीपर्यंत असं आहे. पेंटेटेट म्हणजेच डीटीपीए. तीन मिलिक्युरी द्या की वीस, युनिट एकच. इथे ३.०२ मिलिक्युरीचे तीन युनिट झाले, कारण त्याच विभागात रोज लागणारा ए९५१२, म्हणजे टेक्निशियम परटेक्नेटेट, प्रति मिलिक्युरी मोजला जातो आणि हाताला तीच सवय. या कुटुंबातले कोड शेजारी-शेजारी असले तरी त्यांची मापं वेगळी असतात.

उलट टोकाचं उदाहरणही पाहून ठेवावं. रक्ताचं आकारमान मोजायला आयोडीन-१३१ जोडलेलं अल्ब्युमिन देतात, त्याचा कोड ए९५२४, माप प्रति ५ मायक्युरी. कॅलिब्रेशनच्या दिवशी २५ मायक्युरी असलेली सिरिंज चार दिवसांनी वापरली तर आठ दिवसांच्या अर्धायुष्यामुळे तीत सुमारे १७.७ मायक्युरी उरतात. भागिले ५ म्हणजे ३.५४, पुढच्या पूर्ण युनिटला नेऊन ४. तिथे १ लिहिला तर रुग्णालयाचं नुकसान, लेबलवरचे २५ बघून ५ लिहिले तर न दिलेल्या औषधाचं बिल. म्हणून युनिट लिहिण्याआधी दोनच गोष्टी बघायच्या, कोडच्या वर्णनातलं माप आणि रिपोर्टमधला प्रत्यक्ष दिलेला आकडा. ऑर्डरमधला किंवा बाटलीवरचा आकडा घेऊ नये.

मेडिकेअरच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, बाह्यरुग्ण हिशोबात निदानाची किरणोत्सारी औषधं २००८ पासून चाचणीच्या दरातच धरली जातात. २०२५ पासून दिवसाला ठरावीक रकमेपेक्षा (२०२५ मध्ये ६३० डॉलर) महाग असलेल्यांचे पैसे वेगळे मिळतात, पण डीटीपीए त्यात येत नाही. तिथे तीन युनिटमुळे रक्कम बदलली नसती. खासगी कंपनीने मात्र तिन्हींचे पैसे मोजले, ४८ गुणिले ३. मेडिकेअरमध्ये फरक पडत नाही म्हणून युनिटकडे दुर्लक्ष करायची सवय लागते आणि ती अशी बाधते.

९६३७४ म्हणजे शिरेतून औषध ढकलण्याचा कोड. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये किरणोत्सारी औषध टोचणं हा चाचणीचाच भाग मानतात, एनसीसीआय धोरण ते स्पष्ट सांगतं. ५९ मॉडिफायर (वेगळी सेवा म्हणून दाखवणारा) लावून तो पुन्हा पाठवायचा मोह टाळावा. रक्त तीनदा काढलं तेही या अभ्यासाचंच अंग, नमुने नसतील तर ७८७२५ घडतच नाही. आणि सुई तीनदा टोचली तरी मेडिकेअर एका भेटीत ३६४१५ एकदाच मान्य करतं. दुरुस्त खात्यावर या दोन्ही ओळी ठेवल्या नाहीत.

बिल कुणाचं?

कोड दुरुस्त झाले म्हणजे प्रकरण मिटलं असं एआर गटाला वाटलं होतं. ७८७२५, एक युनिट, झेड००.५, आणि दुरुस्त क्लेम त्याच विमा कंपनीला. हे केलं असतं तर चूक नुसती सुबक झाली असती. तो क्लेम त्या कंपनीकडे जायचाच नव्हता.

आपल्याकडे दात्याच्या तपासण्यांचे पैसे बहुतेक वेळा घेणाऱ्याच्या घरचे काउंटरवर भरतात, त्यामुळे पैसे कुणाचे हा प्रश्न घरातल्या घरात सुटतो आणि कोडरच्या डोक्यात येतच नाही. अमेरिकेत त्याची वेगळी वाट आहे. तिथे १९७२ च्या कायद्याने मूत्रपिंड निकामी झालेल्यांना वयाची अट न ठेवता मेडिकेअरचं दार उघडलं. या प्रकरणातला भाऊ डायलिसिसवर आणि मेडिकेअरमध्ये होता. अशा प्रत्यारोपणात दात्याचं मूल्यमापन हा अवयव मिळवण्याचा खर्च धरतात. तो खर्च ट्रान्सप्लांट केंद्र आपल्या अवयव-प्राप्ती खात्यात जमा करतं. मेडिकेअरच्या वार्षिक खर्च-अहवालात, म्हणजे सीएमएस-२५५२-१० मध्ये, मूत्रपिंड प्राप्तीसाठी १०५ क्रमांकाची वेगळी ओळ आहे आणि डी-४ या तक्त्यात मेडिकेअरचा वाटा काढला जातो. चाचणीच्या दिवशी दात्यावर क्लेम निघत नाही, त्याच्या विम्यावर नाही आणि घेणाऱ्याच्या मेडिकेअरवरही नाही. प्रत्यक्ष प्रत्यारोपण झाल्यावर घेणाऱ्याच्या क्लेमवर ०८११ या महसूल कोडाखाली, म्हणजे जिवंत दाता, प्राप्तीचा आकार दाखवतात. तपासणीत दाता अपात्र ठरला तरी तो खर्च याच खात्यात राहतो. घेणाऱ्याचा विमा खासगी असला तरी दात्याच्या मूल्यमापनाची वाट हीच.

रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांचंही तेच. मूल्यमापनाच्या टप्प्यात त्यांची फी ट्रान्सप्लांट केंद्राकडून घ्यायची. क्यू३ मॉडिफायर, म्हणजे जिवंत मूत्रपिंडदात्याची शस्त्रक्रिया आणि संबंधित सेवा, हा दानाच्या वेळचा आणि त्यानंतरचा आहे. तेव्हा डॉक्टरांचा क्लेम घेणाऱ्याच्या मेडिकेअर क्रमांकावर जातो. मूल्यमापनाच्या चाचणीवर क्यू३ चढवून मेडिकेअरच्या पार्ट बीला (डॉक्टरांच्या फीचा भाग) पाठवणं ही दुसरी हमखास चूक. या प्रकरणात ती झाली नाही, पण चर्चेत एकाने सुचवली होती.

हाच रिपोर्ट, हीच औषधं, हेच तीन नमुने कार्बोप्लॅटिन या औषधाचा डोस ठरवण्यासाठी एखाद्या कर्करुग्णाचे असते तर बिल त्याच्या विम्यावरच गेलं असतं, निदान कर्करोगाचं आणि कोड ७८७२५. कामात तसूभर फरक नाही, पण पैसे देणारा वेगळा. म्हणून या चाचणीत ‘चाचणी कशासाठी’ ही ओळ सर्वांत आधी वाचायची. नोंदणीच्या पडद्यावर कुठल्या विम्याचं कार्ड लावलं आहे त्यावर विसंबायचं नाही. नोंदणीच्या खिडकीवर कुणीही आलं तरी कार्ड मागतात, बहिणीनेही दिलं. तिथेच हे खातं चुकीच्या रुळावर चढलं.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने

क्रमाला महत्त्व आहे. कोडपासून सुरुवात केली तर मधल्या काळात तिसरं स्मरणपत्र त्या बाईच्या घरी पोहोचतं, आणि त्यापुढे वसुलीची एजन्सी.

म्हणून त्याच रात्री दोन्ही खात्यांची स्टेटमेंट थांबवली. रुग्णालयाचं सोलापूरहून थांबवता आलं. डॉक्टरांच्या गटाचं बिलिंग दुसरीकडे होतं, त्यांना तिकडच्या कामाच्या वेळेत फोन करावा लागला. उन्हाळ्यात सोलापूर आणि अमेरिकेचा पूर्व किनारा यांत साडेनऊ तासांचं अंतर, हिवाळ्यात साडेदहा. फेब्रुवारीत तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे इकडे संध्याकाळचे साडेसात, तो फोन पाळीच्या पहिल्या तासातच केलेला बरा.

मग ट्रान्सप्लांटच्या आर्थिक समन्वयकाकडून लेखी खातरजमा घेतली. दात्याचं मूल्यमापन कुठल्या तारखेला सुरू झालं आणि ६ जानेवारीची चाचणी त्यात मोडते का, एवढंच विचारलं. भावाच्या आजाराचे तपशील मागितले नाहीत. दात्याची आणि घेणाऱ्याची फाइल वेगळी ठेवायची असते आणि हिपाच्या (आरोग्यमाहितीच्या गोपनीयतेच्या कायद्याच्या) नियमाने कामापुरतीच माहिती मागायची असते. भाऊ-बहीण असले तरी एकाच्या खात्यात दुसऱ्याचं नाव टिपणीतसुद्धा लिहू नये.

उत्तर आल्यावर चार्ज सुधारले. ७८७२५, १ युनिट, महसूल कोड ०३४१. ए९५३९, १ युनिट, महसूल कोड ०३४३. बाकी दोन ओळी काढल्या. निदान झेड००.५. रुग्णालयाच्या खात्यावर टीसी मॉडिफायर (फक्त तांत्रिक भाग दाखवणारा) लावायचा नसतो. डॉक्टरांच्या बाजूला ७८७२५-२६.

त्यानंतर जुने क्लेम रद्द केले. इथे ‘बदली’ आणि ‘रद्द’ यांत गल्लत होते. यूबी-०४ वर १३७ म्हणजे जुन्याच्या जागी नवा क्लेम, १३८ म्हणजे जुना पूर्ण रद्द. या कंपनीकडे काहीच जायचं नसल्याने १३८, आणि ६४ व्या रकान्यात कंपनीने मूळ क्लेमला दिलेला नियंत्रण क्रमांक. तो क्रमांक नसला तर रद्दीचा क्लेम नवा समजून परत येतो. डॉक्टरांच्या सीएमएस-१५०० अर्जावर २२ व्या चौकटीत ८ आणि मूळ क्रमांक. दोन्ही क्लेम रद्द केले तरच एन१८.२ कंपनीच्या नोंदीतून निघतो. एक राहिला तर निदानही राहतं.

एआर गटाने मध्येच एक सोपा उपाय सुचवला होता की ७४२ डॉलर सद्भावना म्हणून माफ करून टाकू, बाई खूश, खातं शून्य. हा उपाय सर्वांत वाईट होता. विमा कंपनीकडे खोटं निदान तसंच राहिलं असतं. डिडक्टिबलच्या हिशोबात तिने न भरलेले ७४२ भरले असं दिसलं असतं. आणि रुग्णालयाचा खर्च प्राप्ती खात्यात न गेल्याने मेडिकेअरचा वाटाही बुडाला असता. शिल्लक शून्य दिसते म्हणून खातं बरोबर आहे असं होत नाही. रक्कम माफ न करता दोन्ही चार्ज अवयव-प्राप्तीच्या खात्यावर वळवले.

एन१८.२ रुग्णालयाच्या नोंदीत आणखी कुठे झिरपला आहे का हेही तपासावं लागलं. काही संगणकप्रणालींत बिलावरचं निदान रुग्णाच्या आजारांच्या यादीत आपोआप सुचवलं जातं. ती यादी कोडरने हाताळायची नसते. वैद्यकीय नोंदी विभागाकडे विनंती पाठवली आणि डॉक्टरांनी ती नोंद काढली.

चार्ज मास्टरमधल्या एका ओळीच्या तीन ओळी करायची विनंती गेली. एक, डीटीपीए रेनोग्राम, औषधाशिवाय, ७८७०७. दुसरी, औषधासह, ७८७०८. तिसरी, ‘जीएफआर, रक्तनमुने, चित्रण नाही’, ७८७२५. तिसऱ्या ओळीच्या नावात ‘चित्रण नाही’ हे शब्द हवेतच असा आग्रह धरला, कारण निवड करणारा तंत्रज्ञ कोड वाचत नाही, नाव वाचतो. नोंदणीच्या बाजूला ट्रान्सप्लांट क्लिनिकमधून आलेल्या दात्याच्या ऑर्डरवर विम्याऐवजी प्राप्ती खातंच लागेल अशी अट घातली.

सोलापूरच्या गटाने आपल्यासाठी एक गाळणी लावली, ऑर्डर ट्रान्सप्लांटची, पैसे देणारा दात्याचा विमा, कोड ७८७०० ते ७८७२५ मधला. अशी खाती क्लेम निघण्याआधी हाताने बघायची. मागचे बारा महिने चाळल्यावर आणखी तीन खाती निघाली. त्यातल्या दोघांनी बिल मुकाट्याने भरून टाकलं होतं. त्यांचे पैसे परत करण्याची प्रक्रिया तक्रारीची वाट न बघता सुरू केली.

आणि स्क्रबरने निदान उडवलं तर ते बदलण्याआधी खात्यात एक ओळ लिहायची, रिपोर्टमधल्या कुठल्या वाक्याच्या आधारे बदललं ते. वाक्य सापडलं नाही तर बदलायचं नाही, खातं वरिष्ठांच्या रांगेत टाकायचं. एन१८.२ टाकणाऱ्या मुलीशी याच ओळीवरून बोलणं झालं. दिवसाला किती खाती पूर्ण झाली याच मोजमापावर पगारवाढ ठरत असेल तर अकरा मिनिटांत असाच निर्णय होणार, म्हणून वरिष्ठांच्या रांगेत टाकलेलं खातंही आता तिच्या मोजणीत पूर्ण धरलं जातं.

रुग्णालयाचा क्लेम आधी रद्द झाला. डॉक्टरांच्या गटाचा एकदा परत आला, २२ व्या चौकटीत मूळ क्रमांकातला एक अंक सुटला होता, दुसऱ्यांदा तो मार्गी लागला. त्यानंतर विमा कंपनीने बहिणीला नवं ईओबी पाठवलं. दोन्ही सेवांपुढे शून्य, आणि डिडक्टिबलमध्ये जमा झालेली रक्कमही शून्य.